राईचं घर, भाईंदरचं घर

कधी भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरलात आणि उत्तनची बस पकडलीत, तर थोड्याच वेळात एक गंमत दिसेल. दोन्ही बाजूंच्या उंच इमारती हळूहळू मागे राहतात, मोकळं आभाळ दिसायला लागतं, वाऱ्याला खाडीचा वास येतो. मग मुर्धा येतं, त्यानंतर राई, आणि पुढे मोर्वा. बस तीच, रस्ता तोच, महानगरपालिकाही तीच. पण मधेच कुठेतरी शहर संपून गाव सुरू झालेलं असतं. नेमकं कुठे, ते इतकी वर्षं ये-जा करूनही मला सांगता येणार नाही.

आमची दोन घरं याच रस्त्यावर आहेत. एक स्टेशनजवळ, तिसऱ्या मजल्यावर. दुसरं राईला. तिथे कौलारू घर, मागे विहीर, थोडी वाडी, आणि खाडीच्या अंगाला भाताची तीन खाचरं. दोन्ही घरांत अंतर जेमतेम चार किलोमीटर. "एवढ्याशा अंतरासाठी दोन घरं कशाला हो बाई?" असं शाळेत कुणी ना कुणी दर वर्षी विचारतंच. याचं खरं उत्तर म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. फ्लॅटमध्ये दोन रात्री काढतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दाराशी बसतात. "हितं वारा नाय, कोंबडा नाय, मना झोप नाय येत."

म्हणून मे महिना आला की तुम्ही लोक गावाला जाता आणि आम्ही दोघं रोज गावाला जातो.

सकाळी साडेपाचला हे स्कूटरच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन ठेवतात. पुढे पाणी, मागे मी, माझ्या मांडीवर डबा आणि औषधांची पिशवी. पाणी कशाला, तर मे महिन्यात राईच्या आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. खाडी जवळ. जमिनीतलं गोडं पाणी उन्हाळ्यात उतरलं की खारं पाणी आत सरकतं. भांडी घासायला, झाडांना चालतं, पण डाळ शिजत नाही आणि चहा तर फाटल्यासारखाच लागतो. तेव्हा जाताना नळाचं पाणी न्यायचं आणि येताना वाडीतली भेंडी, तोंडली, माठाची जुडी आणायची. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला वाटतं आम्ही भाजीचा धंदा करतो. त्याने एकदा तोंडलीचा भावही विचारला होता.

आठच्या सुमाराला हे परत फिरतात, आंघोळ उरकून चर्चगेट लोकल गाठतात. मी दुपारपर्यंत राईला. शाळेला सुट्टी असली तरी कामाला सुट्टी नसते, हे शिक्षकांच्या घरच्यांना वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्याची कामं म्हणजे आमच्याकडे आगोटीची कामं. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. चार महिने पुरेल असं सगळं त्याआधी घरात यायला हवं. मसाल्याच्या मिरच्या भाईंदरच्या गच्चीवर वाळतात, कारण राईला कोंबड्या असतात. सुकी मासळी मात्र राईला ठेवायची, कारण गच्चीवर ठेवली की सोसायटीत बैठक बसते. हा तह आम्ही बऱ्याच वादानंतर केला आहे. बोंबील आम्ही उत्तनहून घेतो. तिथे कोळीवाड्यात बांबूच्या वलांडीवर ओळीने टांगलेले बोंबील पाहिले नसतील तर एकदा एप्रिलमध्ये जाऊन पाहाच. वर्गात 'वाळवण' शब्द आला की मी मुलांना पापड-कुरडयांच्या आधी हेच चित्र काढायला लावते. मग कैऱ्यांचं लोणचं, आमसुलं, लाकूडफाटा झाकणं, कौलं परतणं. कौलांसाठी पूर्वी हे स्वतः वर चढायचे. आता गुडघा नको म्हणतो, म्हणून माणूस लावतो आणि हे खालून त्याला इतक्या सूचना देतात की तो बिचारा अर्धं काम रागातच करतो.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. ही कामं कोणाची, यावरून आमचं लग्नानंतर पहिली पंधरा वर्षं धुमसतच होतं. हे राईला गेले की गाव म्हणायचं, "बघा, नोकरी करून पोरगा शेत बघतो." मी गेले की कुणीच काही म्हणायचं नाही. सून येणारच. दोन्ही घरांत चूल मात्र माझीच. एका उन्हाळ्यात मी दोन्ही घरांच्या कामांची यादी केली आणि फ्रिजवर लावली, कोण काय करतं ते नावासकट. माझ्या नावाखाली तेवीस कामं, यांच्या नावाखाली सहा, त्यातलं एक 'लक्ष ठेवणे'. हे बराच वेळ त्या कागदासमोर उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पाणी, औषधं आणि सासूबाईंचं डोळ्यांत थेंब घालणं यांच्याकडे गेलं. ते आजतागायत त्यांच्याकडेच आहे. यादी अजून आहे. तेवीसचे सोळा झालेत.

आता यंदाच्या मूळ गोष्टीकडे येते.

मी माणदेशातली. माझ्या माहेरी ज्वारी, बाजरी आणि पावसाची वाट. आमच्याकडे बांध म्हणजे दोन भावांच्या भांडणाचा विषय. राईला आल्यावर कळलं की इथे बांध म्हणजे समुद्राशी मांडलेला संसार आहे. खाडीलगतची ही जमीन मुळात खाजण. भरतीचं पाणी जिथे शिरतं तिथे मातीचा बांध घालून, उघाडीतून ओहोटीला पाणी बाहेर सोडून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी भात पिकवलं. ज्या तुकड्यात भात होत नाही तिथे मीठ पिकवलं. 'आगरी' हा शब्दच आगरावरून आलेला. आगर म्हणजे मिठाचंही आणि शेताबागेचंही. भाईंदरच्या मिठागरांवर यांच्या आजोबांनी फळी ओढली आहे. कोकण किनाऱ्यावर अशी खारजमीन इतकी, की तिच्या रक्षणासाठी १९४८ साली मुंबई राज्यात वेगळा कायदा करावा लागला. अलिबागकडच्या खारेपाटात तर गावाने मिळून बांध राखायच्या रीतीला स्वतंत्र नाव होतं, 'जोळ'. बांध फुटला की प्रत्येक घरातून माणूस यायलाच हवा, कारण पाणी एकाच्या शेतात थांबत नाही.

आमच्याकडे आता घरटी माणूस निघत नाही. घरटी माणूस लोकलमध्ये असतो.

गेल्या भाद्रपदात अमावास्येच्या उधाणाला आमच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली. खेकड्यांनी आतून पोखरलं होतं, वरून कळलं नाही. रात्रीत पाणी शिरलं आणि तीन दिवस हललं नाही. आमचं भात राता जातीचं. तांबडा दाणा, जाड, चवीला गोडसर, आणि मुळातच खाऱ्या जमिनीत टिकणारं. अशा जुन्या जाती आणि त्यांच्या बरोबरीने पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ या जाती खारपट्ट्यात लावल्या जातात. पण टिकतं म्हणजे किती टिकेल? पाणी शिरलं ते नेमकं निसवण्याच्या वेळी, लोंबी बाहेर पडताना. त्या दिवसांत भात फार नाजूक असतं. लोंब्या आल्या, पण पांढऱ्या. हातात घेतल्या तर नुसता भुसा. आम्ही ते कापलंसुद्धा नाही, शेजारच्यांच्या म्हशींना दिलं.

यंदा एप्रिलमध्ये यांनी वही काढली. बांधाची मजुरी, नांगरणी, लावणीच्या बायका, खत, दोन दिवसांच्या रजा. समोर पंधरा गुंठ्यांचं भात. बेरीज-वजाबाकी करून वही माझ्यापुढे सरकवली. "तूच बघ. बाजारातून तांदूळ आणला तरी अर्ध्यात येतो." मी दोनदा तपासली. गणित बरोबर होतं. खोटं कशाला सांगू, मी यांच्याच बाजूची होते. सोळा कामांतली चार तरी कमी झाली असती.

सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. शेवटी एका रविवारी जेवण झाल्यावर यांनीच सांगितलं, "आये, यंदा पेरायचं नको."

सासूबाई काही वेळ पान लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको त नको. पन बियाचा काय?"

बी! हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. गेल्या वर्षी पीक गेलं म्हणजे नवीन बी धरलंच नव्हतं. कणगीत होतं ते त्याच्या आदल्या वर्षीचं, पेरून उरलेलं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर वर्षी निवडून, लोंब्या हाताने झोडून बाजूला काढलेलं. विकत आणलेलं नव्हे. यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षी ते उगवणार नाही, आणि हे भात दुकानात मिळत नाही.

"बियाला दर साली माती दाखवाया लागते," त्या म्हणाल्या. "नाय त मरतं ता."

हे म्हणाले, "आये, आता कदाचित मेलंही असेल."

त्यावर त्या उठल्या, आत गेल्या आणि मूठभर भात आणून माझ्या ओंजळीत ओतलं. "तू मास्तरीन ना? मोज."

इथे मला तुम्हाला थोडं शिकवू द्या, सवय आहे. बियाणं जिवंत आहे का, हे घरी तपासता येतं. सरमिसळ करून १०० दाणे मोजून घ्यायचे. गोणपाटाचा तुकडा धुऊन भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल राखायची. आठवड्याभरात गुंडाळी उघडून कोंब आलेले दाणे मोजायचे. १०० पैकी ऐंशीच्या वर उगवले तर बी चांगलं. हा प्रयोग पाचवीच्या मुलालाही जमतो, आणि टक्केवारी शिकवायला याहून सोपं साधन मला तरी माहीत नाही.

गुंडाळी आम्ही भाईंदरला आणली, कारण राईला मचूळ पाणी आणि उंदीर दोन्ही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली एका परातीत ठेवली. मी दोन दिवस पाणी शिंपडलं. तिसऱ्या दिवशी मी मिरच्या कांडायला गिरणीत रांगेत होते, उशीर झाला. घरी आले तर गोणपाट ओलंच. मी यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते, जरा जास्तच लक्ष देऊन. चौथ्या दिवशी पहाटे दिवा दिसला म्हणून उठले, तर हे ओट्यापुढे उकिडवे बसून, दुखऱ्या गुडघ्यासकट, गुंडाळीचा कोपरा उचलून बघत होते. "काही नाही, पाणी आहे का बघत होतो," म्हणाले.

सातव्या दिवशी मोजले. मी डावीकडून, यांनी उजवीकडून. माझे ६१, यांचे ६२. पुन्हा मोजले. ६१. एका दाण्याचा कोंब म्हणजे गोणपाटाचा धागा निघाला.

एकसष्ट म्हणजे नापास नाही, पण पहिला वर्गही काठावरचाच. मी वही ओढली. कणगीत साडेपाच किलो बी, त्यातलं उगवणार सुमारे सव्वातीन ते साडेतीन किलो. आमच्या पंधरा गुंठ्यांना चांगलं बी साधारण सहा किलो लागतं. म्हणजे सगळी शेती होणार नाही. पण तीन खाचरांतलं मधलं, सात गुंठ्यांचं, होईल. तेवढ्यातून पुढच्या वर्षाचं बी धरता येईल. मी वही यांच्यापुढे सरकवली, जशी त्यांनी माझ्यापुढे सरकवली होती तशीच. यांनी दोनदा तपासली.

"बांध?" म्हणाले.

"अष्टमी कधी आहे?" मी विचारलं.

अष्टमी का, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी, त्याला उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास भरती सगळ्यात लहान, त्याला भांग म्हणतात. बांधाचं काम भांगात करायचं. खाडी मागे असते, चिखल हाताला येतो आणि घातलेला गोळा बसायला दोन-चार दिवस मिळतात. वैशाखातल्या भांगात यांनी दोन दिवस रजा काढली. शेजारचे दोघं काका आले, दोघंही साठीच्या पुढचे, आणि एक मजूर. तिवरांना हात लावायचा नाही, त्यांच्या मुळांनीच किनारा धरून ठेवलेला आहे. म्हणून माती आतल्या बाजूने काढली. हे खणायचे, मजूर गोळे पाटीत घालायचा, मी काठावरून पुढे द्यायची. मधे पेंढ्याचे थर. खेकड्यांची बिळं शोधून त्यात चिखल ठासायचा, हे काम एका काकांनी कुणाला दिलं नाही. त्यांना पायाने कळायचं कुठे पोकळ आहे. आम्हाला पाहून कळेना, पाय देऊनही कळेना. हे ज्ञान कोणत्या पुस्तकात लिहून ठेवावं, हा विचार मी त्या चिखलातसुद्धा करत होते. काका म्हणाले, "बाई, फोटो काडू नका, गोला द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी यांची पाठ धरली. परतीला स्कूटर मी चालवली. हे मागे बसले, मांडीवर तोंडलीची पिशवी घेऊन. वॉचमन बघतच राहिला.

रोहिणी नक्षत्र लागलं, २५ मेच्या आसपास लागतं, आणि बी काढायचा दिवस आला. शेतकी खात्याची सांगितलेली रीत अशी की १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बी ओतायचं. पोचट, हलके दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे. तळाला बसलेले भरीव दाणे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. मी भाईंदरहून वजनकाटा घेऊन गेले होते. मीठ मोजलं, बादलीत ढवळलं. सासूबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खाडीच्या पान्याएवडा झाला," म्हणाल्या. "आमी खाडीचाच पानी घ्यायचो."

मी थबकले. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माझ्या बादलीत लिटरला ३० ग्रॅम. म्हणजे त्या बोलल्या ते जवळपास बरोबरच होतं, काट्याशिवाय. ज्या पाण्याने गेल्या वर्षी आमचं भात नासवलं, त्याच्याएवढंच खारट पाणी करून मी यंदाचं बी निवडत होते. यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग एवढ्या लांबून काटा कशाला आणलास?"

बी ओतलं. बराच भाग वर तरंगला. यांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी शांतपणे वरचे दाणे सुपात काढले आणि कोंबड्यांपुढे टाकले. तळाला राहिलं ते त्यांनी मूठ-मूठ करून हातात घेतलं, बोटांनी चाचपलं. डोळ्यांना आता दाणा नीट दिसत नाही, बोटांना दिसतो. चार वेळा साध्या पाण्याने धुतलं. तीन पुरेत असं मी म्हटलं, पण त्यांना मीठ राहिल्याची शंका होती. त्या धुण्यात आम्ही सकाळी आणलेले पाण्याचे दोन्ही कॅन संपले. चहाला पाणी उरलं नाही.

मग पडवीत, सावलीत, जुन्या लुगड्यावर बी पसरलं. हे उंबऱ्यावर बसून कोंबड्या हाकत होते. मी सुपं आवरत होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "उद्या राबावर टाकू. पानी दोन कॅन जास्ती आना."

"स्कूटरवर चार कॅन मावणार नाहीत," हे म्हणाले.

"मग दोन खेपा मारा," त्या म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजवरच्या यादीचा विचार करत होते. पाणी यांच्याच नावावर आहे.